चाळिसाव्याची फांदी

कालिपाला किळस यायला फारसं काही लागत नसे. बशीच्या काठावर वाळलेला चहाचा ओघळ, जावयाच्या नखातली माती, पाहुण्याने चाटून पुन्हा बरणीत घातलेला चमचा, एवढं पुरे व्हायचं. चौतीस वर्षं तिने गावच्या शाळेतली प्रयोगशाळा सांभाळली होती. काचेच्या नळ्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, उन्हात धरून बघायच्या, डाग दिसला की परत बुडवायच्या. नोकरी संपली तरी हात थांबेनात. मग तीच शिस्त तिने अंगणातल्या एकवीस करागतच्या झुडपांना लावली.

करागत म्हणजे काळी, आंबट, हरभऱ्याएवढी फळं. डोंगरांनी वेढलेल्या मोठ्या सरोवराच्या पूर्व टोकाच्या त्या गावात अंगण आलं की करागत आलीच. जुलैच्या शेवटी तोडायची, साखर घालून कुटायची, बरण्यांत भरायची आणि पुढच्या जुलैपर्यंत चहाबरोबर चाटायची. ज्या घरची बरणी मार्चमध्येच खडखडते, त्या घरच्या सुनेची गल्लीत कीव करतात, आणि कीव करून झाल्यावर हसतात.

कालिपाची बरणी कधी खडखडली नव्हती. हिवाळाभर ती बटाट्याच्या साली चुलीमागे वाळवून ठेवायची आणि बर्फ गेला की झुडपांच्या बुडाशी पुरायची. राख चाळून घालायची. मेंढ्यांचं खत घालायची, पण तीन वर्षं कुजून वास मेलेलं, आणि तेसुद्धा चाळलेलं, हातमोजे घालून. मार्चमध्ये, कळ्या मिटलेल्या असतानाच, समोवार, म्हणजे चहाच्या पाण्याचा पितळी बंब, पेटवून ती झारीने प्रत्येक झुडपावर कढत पाणी शिंपडायची, म्हणजे कळीत दडलेली कीड जागच्या जागी शिजून निघते. तिचा नवरा शार्शेन, जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस, ओट्यावर बसून बघायचा आणि 'बायबिचे', म्हणजे घरची मालकीण, म्हणून तिला डिवचायचा.

"बायबिचे, झुडपाला गरम पाणी, मला मात्र 'हंडा भरून घे, तुझं तू बघ'."

"झुडूप फळं देतं. तू काय देतोस?"

"मी सावली देतो," शार्शेन पोटावर हात फिरवत म्हणायचा.

या सगळ्या स्वच्छतेच्या नाकावर टिच्चून कुंपणापलीकडे बुरुलचाचं पिंप होतं.

बुरुलचा वरच्या कुरणांकडची, मेंढपाळाची विधवा. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला, मेंढ्या दिरांनी नेल्या, आणि ती या गल्लीत राहायला आली. बागकामातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. तिच्याकडे चार झुडपं होती आणि एक निळं प्लास्टिकचं पिंप. त्या पिंपात ती माशांची डोकी टाकायची, आतडी टाकायची, मेंढी कापली की पोटातला हिरवा चोथा टाकायची, वरून अंगाला आग लावणारा खाजरा पाला आणि पाणी, आणि झाकणावर धोंडा. आठवड्याने झाकण उघडलं की संताशच्या खिंडीतला वारा तो वास उचलून थेट कालिपाच्या स्वयंपाकघरात आणून ओतायचा. जीव नकोसा व्हायचा. नुसता वास नव्हे, त्याला अंग होतं, तो जिभेवर बसायचा. कालिपा खिडकी लावायची, खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबायची, आणि तरी दुपारची भाकरी तिला त्या पिंपातून काढल्यासारखी लागायची.

त्यात बुरुलचा ते पाणी हाताने ढवळायची. काठी होती, पण "काठीला काय कळतंय, घट्ट झालं का पातळ," म्हणायची. मग तोच हात झग्याला पुसून ताटभर बोर्सोक तळून आणायची. "एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणायची, "गरम आहेत, खा." कालिपा हसून ताट घ्यायची, दार लावायची आणि तळलेले ते गोळे चिमट्याने उचलून कुत्र्याला घालायची. कुत्रा शेपटी हलवून खायचा. त्या दिवसापुरती तिला कुत्र्याचीही किळस यायची.

आता या गल्लीची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यातूनच घडलं.

करागतची फांदी कुणी मागत नाही. मागून आणलेली फांदी रुजत नाही, आणि आभार मानले तर मुळासकट वाळते, हे तिथल्या लेकरालाही माहीत आहे. रुजते ती चोरलेली. त्यामुळे शेजारणीचं झुडूप मनात भरलं की तिच्याकडे चहाला जायचं. निघताना अंगणात जरा रेंगाळायचं. घरची बाई समजते. "अगं बाई, समोवार बघते," म्हणून ती पाठ फिरवते, आणि पुरेसा वेळ पाठ फिरवूनच ठेवते. पाहुणीने कट्कन फांदी मोडायची, बाहीत सारायची, आणि "बरंय येते" म्हणायचं. आपल्या झुडपाला चोर लागणं हा मान आहे. मात्र कुणाची फांदी कुठून आली हे कधी उच्चारायचं नाही. पाठ फिरवलेल्या बाईने काही पाहिलेलं नसतं, आणि न पाहिलेल्याबद्दल बोलतं कोण?

बुरुलचाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावातली शेवटची रशियन म्हातारी मुलाकडे निघून जात होती तेव्हा ही तिच्या दारात गेली, सरळ म्हणाली, "मला चार फांद्या द्या," आणि घेतल्यावर "रहमत, रहमत" म्हणत दोनदा आभारही मानून मोकळी झाली. गल्ली आठवडाभर हसत होती. तरी झुडपं रुजली. "पिंपातल्या घाणीवर काय, दगडसुद्धा रुजेल," कालिपा म्हणाली.

कालिपाच्या फाटकाशेजारी एक झुडूप होतं. चार वर्षांपूर्वी लावलेलं, दाट, भरगच्च. मेमध्ये ते असं फुलायचं की रस्त्यावरून जाणारी पावलं थांबायची. बाकीच्या झुडपांची फुलं फिकट, हिरवट, कुणी ढुंकून बघू नये अशी. याची जांभळट, बारीक झालर लावल्यासारखी. दोन वर्षांत गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका कालिपाकडे चहा पिऊन गेल्या. कालिपा समोवार बघत राहिली. इतका वेळ तिने आयुष्यात कधी समोवार पाहिला नव्हता, आणि प्रत्येक कट्‌ आवाजाला तिची मान इंचभर वर जायची.

त्या झुडपाला फळ धरत नव्हतं हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षी म्हणाली, नवीन आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाली, पाखरं खातात. तिसऱ्या वर्षी शेजारची सहा झुडपं तशीच फुलली आणि तशीच रिकामी राहिली. चौथ्या वर्षी जुलैत एकवीस झुडपांतून मिळून जेमतेम एक वाडगा भरला. आणि फक्त तिच्याकडे नाही. समोरच्या शाइरकुलकडे तीच गत, कोपऱ्यावर तीच गत, गल्लीभर हिरवंगार रान माजलेलं आणि आत फळ नाही.

कालिपाने कारण शोधायला मिनिटभरही घेतलं नाही.

"पिंप," ती शाइरकुलला म्हणाली. "तो वास नाकात जातो तसा झाडात जात नसेल? माणसाला ओकारी येते, झाडाला काय होत असेल! त्याने फळ गाळलं."

शाइरकुल पोस्टात होती. तिच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या दारात पडायची. आठ दिवसांत बुरुलचाच्या घरी चहाला जाणं बंद झालं. तिने ताट आणलं की दारं उघडेनात. एकदा ती बोर्सोकचं ताट घेऊन चार फाटकांवर फिरली आणि तसंच भरलेलं ताट घेऊन परत गेली. कालिपाने ते खिडकीतून पाहिलं आणि तिला बरं वाटलं. बरं वाटलं हे लिहायलाही वाईट वाटतं, पण वाटलं ते वाटलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला शहराजवळच्या रोपवाटिकेतून ऐनागुल आली. कालिपाच्या हाताखाली नळ्या धुतलेली मुलगी, आता चाळिशीची, झाडांचे रोग बघायची. पिंपावर शिक्कामोर्तब करून घ्यावं म्हणून कालिपानेच तिला बोलावलं होतं.

ऐनागुलने पिंपाकडे बघितलंच नाही. फाटकाजवळच्या झुडपाचं पान तोडलं, चुरगाळलं आणि कालिपाच्या नाकाखाली धरलं.

"काय वास येतो, एजे?"

"काहीच नाही."

"हेच. करागतच्या पानाला वास नाही म्हणजे ते मेलेलं आहे, उभं असलं तरी." मग तिने फांदीवरची एक कळी खुडली. पुढच्या वर्षाची कळी, टोकदार हवी, ती वाटाण्यासारखी टम्म गोल होती. नखाने उभी चिरून तिने भिंगाखाली धरली. "बघा."

कालिपाने बघितलं. कळीच्या आत पांढरं काहीतरी वळवळत होतं. एक नाही, शंभर नाही, पिठात पाणी ओतावं आणि पिठालाच जीव फुटावा तसं. गोल, लिबलिबीत, एकावर एक. तिने भिंग ढकललं आणि हात झग्याला पुसले, पुन्हा पुसले.

"अगं मी दर मार्चला कढत पाणी घालते!"

"थोडी मरतात. पण या किड्याने सोडलेला रोग झाडाच्या रसात असतो, तो पाण्याने जात नाही. फुलं अशी नटतात आणि फळ धरत नाही. औषध नाही. उपटायचं आणि जाळायचं. हे झुडूप सगळ्यांत जुनं दिसतंय. कुठून आणलंत?"

कालिपाने फाटकाची कडी उगाच काढून परत लावली.

"आलं कुठून तरी," ती म्हणाली. "आमच्याकडे असं विचारत नाहीत."

"माहीत आहे मला, मीही इथलीच," ऐनागुल हसली. "पण जिथून हे आलं तिथून रोग आला, आणि याच्या फांद्या जिथं गेल्या तिथं रोग गेला. ती सगळी सप्टेंबरात जाळा. वसंतात किडा कळीतून बाहेर पडतो, वाऱ्यावर जातो. एक झुडूप जरी राहिलं तरी पुन्हा सगळी गल्ली."

"आणि तिचं काय?" कालिपाने हनुवटीने कुंपण दाखवलं. "ते पिंप?"

ऐनागुल कुंपणावरून वाकली. बुरुलचाची चार झुडपं फळांच्या भाराने जमिनीला टेकली होती. उशिरा तोडणारी बाई, अजून हातच लावला नव्हता. काळे घोस, टपोरे. पान चुरगाळल्यावर वास इकडेपर्यंत आला.

"एकदम निरोगी. उत्तम खाऊ घालते बाई. तुमच्याकडे तिच्या पिंपाचा वास येतो ना?"

"येतो ना! जगणं मुश्कील केलंय!"

"मग वारा तिच्याकडून तुमच्याकडे वाहतो. म्हणून तुमची कीड तिच्याकडे गेली नाही. नशीबवान आहे." ऐनागुलने पिशवी उचलली. "तुम्हीच सांगा गल्लीला. माझं कोण ऐकतंय, तुमचा शब्द सगळ्या मानतात."

ती गेली आणि कालिपा फाटकाजवळच्या झुडपासमोर तशीच उभी राहिली.

सादात तिची शाळेपासूनची मैत्रीण, नदीपलीकडच्या गावातली. चार वर्षांपूर्वी मेमध्ये गेली. कालिपा मातीला गेली होती. अंगणात उभारलेल्या काळ्या तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून आक्रोश करत होत्या, आणि कालिपाही करत होती, अगदी खरा. बाहेर आली तेव्हा डोळे पुसता पुसता तिला अंगणाच्या कडेला ते झुडूप दिसलं. जांभळं फुललेलं. डोळ्यांतलं पाणी वाळायच्या आत तिच्या मनात आलं, हे मला हवं.

त्या दिवशी तिने हात लावला नाही. तेवढी लाज होती. पण चाळिसाव्याला, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या दुवेला, जाताना तिने कोटाच्या खिशात एक छोटी पिशवी घेतली आणि पिशवीत ओलं फडकं. घरून, ठरवून, शांतपणे भिजवून, पिळून. दुवा झाली, आमीन म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, आणि तेच हात घेऊन ती झुडपाकडे गेली. पाठ फिरवायला घरची बाई नव्हती. पाठ फिरवणारी जमिनीखाली होती. जून संपत आला होता, साऱ्या झुडपांवर हिरवी फळं होती, त्यावर एकही नव्हतं. पाहुण्यांच्या पोरांनी खाल्ली असतील, असं स्वतःला सांगत तिने कट्कन फांदी मोडली.

किळस येते. स्वतःचीसुद्धा येते. चार वर्षं कालिपाने ती गोष्ट आठवलीच नव्हती, आणि आता आठवल्यावर ते ओलं फडकं खिशातून मांडीला लागत असल्यासारखं वाटत होतं. तिने साबणाने हात धुतले. मग पुन्हा धुतले. शार्शेन म्हणाला, "बायबिचे, कातडी राहू दे, हिवाळ्यात लागेल."

गल्लीला सांगायचं तिने ठरवलं, पण अर्धंच. झुडपं आजारी आहेत, जाळा, एवढं. कुठून आलं ते कशाला? शनिवारी तिने गल्लीतल्या सातही जणींना चहाला बोलावलं. बुरुलचाला नाही. साय मांडली, मध मांडला, बोर्सोक तळून टेबलभर पसरले, आणि त्या वर्षीची एकुलती एक बरणीही फोडली.

"ऐनागुल म्हणाली, रोग आहे," तिने सुरुवात केली. "उपटून जाळायची."

"सगळी?" शाइरकुलने चहाचा वाडगा खाली ठेवला. "माझी तर चांगल्या जागची आहेत." आणि जन्मात पहिल्यांदा कुणीतरी ती रीत मोडली. शाइरकुलने फाटकाकडे बोट केलं. "आता लपवायचं काय, तिथली आहेत, एजेच्या हातची. जी बाई खतसुद्धा चाळते, तिच्या झाडाला रोग होईल का?"

"माझंही तिथलंच," दुसरी म्हणाली.

"आमचंही." "आमचं पण." सगळ्या हसायला लागल्या, एकमेकींना कोपराने ढोसत. सातही जणींची एकाच झुडपाची. "एजे, तुमच्याच घरच्या लेकी आमच्या अंगणात, तुम्ही तर आम्हा सगळ्यांची विहीण निघालात!"

"मग आमची जाळायची काय गरज?" शाइरकुल म्हणाली. "रोगाचं मूळ त्या बयेच्या पिंपात आहे, हे एजेनेच नाही का सांगितलं? तिची चार उपटली की आपली आपोआप सुधारतील. आत्ताच जाऊ या. एजे, तुमची कुदळ कुठेय? एकटी बाई आहे, काय करणार आहे?"

दोघी उठल्यासुद्धा. एकीने शालीचं टोक कमरेला खोचलं. खिडकीतून कुंपणापलीकडे बुरुलचा दिसत होती. पायाच्या बोटांवर बसून ती घोस काढत होती, एकेक, बादलीत. ती चार झुडपं एवढंच तिचं त्या गावात होतं. झुडपं गेली असती तर बुरुलचा परत कुरणांकडे दिरांच्या दारी गेली असती, आणि दिरांनी तिला कुठल्या कोपऱ्यात टाकलं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि इथं सात आजारी बागा वसंताची वाट बघत उभ्या राहिल्या असत्या, कालिपाच्या चांगल्या नावाच्या आडोशाला.

"बसा," कालिपा म्हणाली.

"अहो, पाच मिनिटांचं काम..."

"बसा म्हणते ना! तिची झुडपं निरोगी आहेत. ऐनागुलने बघितली. रोग माझा आहे. फाटकाजवळच्या झुडपाचा. तिथून तुमच्याकडे गेला."

"पण तुमच्याकडे कुठून?"

समोवार गुणगुणत होता. उठून त्याच्याकडे जावं, पाठ करावी, असं कालिपाला फार वाटलं.

"सादातकडून. तिच्या चाळिसाव्याला मोडून आणली मी फांदी. घरून पिशवी नेली होती. फडकं भिजवून नेलं होतं."

सादातला सगळ्या ओळखत होत्या. शाइरकुल तर तिची मावसबहीण. त्या चाळिसाव्याला तीही दुवेला बसली होती, कालिपाच्या शेजारी, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून.

"चाळिसाव्याला?" शाइरकुल अगदी हळू म्हणाली. "दुवेच्या हातांनी?"

तिने हातातला अर्धा बोर्सोक ताटाच्या कडेला ठेवला. बोटं रुमालाला पुसली, एकेक करून, नीट. कालिपाला ते पुसणं चांगलं ओळखीचं होतं. मग सगळ्या उठल्या. निघताना पावाचा तुकडा तोडून तोंडात घातल्याशिवाय त्या गावात कुणी उठत नाही, शत्रूच्या घरातूनही नाही. त्या उठल्या. जाताना एकीने भरल्या टेबलाकडे बघितलं आणि नाक मुरडलं.

टेबलावरचं तसंच राहिलं. शार्शेन आत आला, त्याने एक बोर्सोक उचलला, सायीत बुडवला आणि खाल्ला. काही विनोद केला नाही. ते कालिपाला जास्त लागलं.

पण झुडपं निघाली. सप्टेंबरात, एकापाठोपाठ एक, न बोलता. कालिपाने स्वतःची एकवीसही उपटली, फाटकाजवळचं पहिलं. दाट होतं, मुळं खोल गेली होती, शार्शेनला साखळी लावावी लागली. रस्त्याच्या टोकाला ढीग पेटला. ओल्या लाकडाचा कडवट धूर दोन दिवस गल्लीत राहिला, आणि कुणी कालिपाशी बोललं नाही. अंगणात एकवीस खड्डे. हिवाळाभर चुलीमागे बटाट्याच्या साली वाळवायच्या कशासाठी, असा प्रश्न तिला पडला, आणि पहिल्या दिवशी तिने त्या सरळ फेकून दिल्या.

ऑक्टोबरमध्ये कुंपणावरून आवाज आला.

"एजे, छाटणी करतेय. या ना चहाला."

अकरा वर्षांत कालिपा त्या घरात शिरली नव्हती. फाटकातून आत गेल्याबरोबर पिंप. झाकण उघडंच होतं. वास तोच, तसाच, तिळमात्र कमी नाही. कुणाला वाटेल पश्चात्तापाने नाक सुधारतं, तर तसं काही होत नाही. वर हिरवट साय धरली होती, आणि सायीतून माशाचा डोळा वर बघत होता. कालिपाने श्वास धरला आणि पुढे गेली.

बुरुलचाने पाव मोडून समोर ठेवला. नखांत काळं होतं. कालिपाने ते बघितलं, डोळे मिटले, आणि तुकडा तोंडात घातला. चावला. गिळला. वर करागत घेतली, दोन चमचे. फळ गोड होतं, वासाचा मागमूस नव्हता. याचाही तिला राग आला.

"शाइरकुल आली होती काल," बुरुलचा म्हणाली. "तिने सांगितलं मला. कुदळीचंही सांगितलं."

"हं."

"पिंपाचंही तुम्हीच म्हणाला होतात?"

"मीच."

बुरुलचाने दोघींचे वाडगे भरले. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. बाहेर अंगणात छाटलेल्या फांद्या भिंतीला टेकून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे चार झुडपं, टोकदार कळ्यांची.

"मी जरा समोवार बघते," ती म्हणाली आणि पाठ फिरवली. इतकी वर्षं या गल्लीत राहून एवढं ती शिकली होती. पाठ रुंद होती, जराही हलत नव्हती.

कालिपा जागची उठली नाही.

"बुरुलचा. पाठ करू नकोस."

"मग रुजायची कशी, एजे?"

"वळ इकडे. बघ माझ्याकडे." बासष्ट वर्षांत हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. "मला एक फांदी दे."

बुरुलचा वळली. मग तिने चाकू घेतला, भिंतीजवळच्या नाही, उभ्या झुडपाचीच एक जाड फांदी तिरपी कापली, आणि पुढे धरली. फांदीबरोबर एक डबडं, पिंपात बुडवून काढलेलं, काठोकाठ. तिच्या मनगटावरून हिरवं पाणी ओघळत होतं.

"हे खड्ड्यात आधी घाला. हाताने कालवा, काठीने नको."

कालिपाने डबडं घेतलं. थोडं तिच्या अंगठ्यावर सांडलं. डोळ्यांत पाणी आलं, पण डबडं तिने सोडलं नाही.

"रहमत," ती म्हणाली, मोठ्याने.

"अगं बाई! आता वाळली तर मला बोल लावू नका."

कुंपणातून वाट होती, पण कालिपा रस्त्याने गेली. एका हातात घाणीचं डबडं, दुसऱ्या हातात फांदी, छातीपुढे सरळ धरलेली. शाइरकुल फाटकाशी झाडत होती. तिने मान वर करून बघितलं, फांदीकडे, मग डबड्याकडे, आणि झाडू धरून तशीच उभी राहिली. कालिपा तिच्यासमोरून गेली, आणि तिची बाही रिकामी होती.